रिपोर्टातला ई-कोलाय आणि नातीची मालिश

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. माझं वय 57. सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या मार्चमध्ये मला उन्हाळी लागली. लघवीला आग, सारखं जावंसं वाटायचं आणि गेलं की चार थेंब. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, केलं तर ‘ई. कोलाय, एक लाखाहून जास्त’ असं आलं. गोळ्यांनी बरं वाटलं. जूनमध्ये पुन्हा तेच, ऑक्टोबरमध्ये पुन्हा. मग जंतू गेला का बघावं म्हणून डिसेंबरात तपासलं, तर काहीच त्रास नसताना तोच रिपोर्ट. पुन्हा गोळ्या. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत पाचव्यांदा तोच, आणि पुन्हा गोळ्या लिहून दिल्यात. हा जंतू संडासातला असतो असं मोबाईलवर वाचलं. जावेजवळ बोलले तर म्हणाली, ‘स्वच्छता कमी पडत असेल.’ तेव्हापासून दिवसातून तीनदा अँटिसेप्टिक घालून धुते. शाळेतल्या संडासाला पाणी नसतं, म्हणून तिथे असेपर्यंत पाणीच पीत नाही. मिस्टरांना मधुमेह आहे, ते इन्सुलिन घेतात. त्यांना माझ्यामुळे लागण होईल का? मुलगी बाळंतपणाला आलीय, नात दीड महिन्याची आहे. तिची मालिश मीच करायचे, आता हात लावायची भीती वाटते. हा घाणीतला जंतू अंगातून कायमचा कसा काढू?

ता. क. आमच्या विहिरीच्या पाण्याचा रिपोर्टही ‘दूषित’ आला होता. हा जंतू तिथूनच आला असेल का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात आजारापेक्षा लाज जास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

हा जंतू पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो कुठल्या गटारात नव्हे, तर तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. 1885 साली म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश नावाचे बालरोगतज्ज्ञ नवजात आणि अंगावर पिणाऱ्या बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. जन्मानंतरच्या पहिल्या काळपट चिकट शीत त्यांना जंतू दिसेनात. पण काही तासांत, फार तर दिवसाभरात, तिथे जिवाणू दिसू लागत. त्यातल्या एका आखूड काडीसारख्या जिवाणूला त्यांनी ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’ म्हटलं, म्हणजे मोठ्या आतड्यातला सर्वसाधारण जिवाणू. ‘कोलाय’ म्हणजे कोलनचा, मोठ्या आतड्याचा. पुढे एशेरिश गेल्यानंतर जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं, आणि रिपोर्टातला ‘ई.’ तो हाच. तेव्हा तुम्ही ज्याला घाणीतला जंतू म्हणता, त्याच्या नावातच तो ‘सर्वांच्या पोटातला’ आहे असं लिहिलेलं होतं.

तुमच्या नातीच्या पोटातही तो आहे, ताई. बहुधा जन्माच्या दिवसापासून. आईच्या अंगावरून, तिला घेणाऱ्या हातांवरून तो बाळाकडे येतो, आणि तो येणं चांगलं असतं. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात थोडा ऑक्सिजन असतो. ई-कोलायला ऑक्सिजन असला तरी चालतं आणि नसला तरी चालतं, म्हणून तो लवकर बस्तान बसवतो आणि तिथला ऑक्सिजन वापरून संपवतो. मगच आईच्या दुधावर पोसणारे, ऑक्सिजन न सोसणारे बाकीचे उपयोगी जिवाणू तिथे वाढू शकतात. मोठेपणी मात्र आतड्यातल्या एकूण जिवाणूंत ई-कोलायचा वाटा शंभरातला एकही नसतो. त्यातही काही ‘के’ जीवनसत्त्व तयार करतात, आणि जागा आणि अन्न आधीच अडवून ठेवल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूंना सहज थारा मिळू देत नाहीत.

मिस्टरांच्या इन्सुलिनचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. पूर्वी इन्सुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. 1978 साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचं जनुक ई-कोलायमध्ये घातलं आणि त्याच्याकडून ते तयार करून घेतलं. 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. आज काही इन्सुलिन यीस्टमध्येही करतात, पण सुरुवात या जंतूने करून दिली. मिस्टरांना तुमच्यामुळे लागण होण्याची भीती नाही. हा त्रास खोकल्यासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

मग आतड्यातला शहाणा माणूस लघवीत शिरून असा का वागतो? जागा बदलली म्हणून. आपल्या बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंचाचा, आणि त्याचं तोंड शौचाच्या जागेजवळ. पुरुषांचा तोच मार्ग सात-आठ इंच. अंतराचा हा फरक शरीराच्या ठेवणीतला आहे, कितीही धुतलं तरी तो बदलत नाही. पुढे ई-कोलायच्या सगळ्या जाती सारख्या नसतात. काहींच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला आकडा असावा तसं एक प्रथिन असतं. लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तरावर एक प्रकारची साखर असते, तिला हा आकडा बरोबर अडकतो. मग लघवीच्या धारेने बाकीचे जंतू वाहून जातात, हा धरून बसतो. काही तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून राहतात. तिथे औषध नीट पोचत नाही, आणि गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी तेच पुन्हा डोकं काढू शकतात. पुन्हा पुन्हा त्रास होण्यामागचं हे एक कारण आहे, तुमची आंघोळ नव्हे.

दुसरं कारण तुमच्या वयात आहे, आणि ते तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे योनीचं अस्तर जाड, ओलसर असतं. तिथे लॅक्टोबॅसिलाय राहतात, दह्यातल्या जिवाणूंच्या नात्यातले. ते तिथलं वातावरण आंबट ठेवतात आणि त्या आंबटपणात ई-कोलायचं फावत नाही. पाळी गेली की इस्ट्रोजेन ओसरतं, हे राखणदार कमी होतात, अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. आतड्यातला जंतू आधी तिथे मुक्काम करतो, मग पिशवीकडे सरकतो. आता सांगा, यावर दिवसातून तीनदा अँटिसेप्टिक ओतून काय होणार? उरलेसुरले राखणदारही मरणार आणि पातळ झालेल्या कातडीला भेगा पडणार. ते आजच बंद करा. आंघोळीच्या वेळी साधं पाणी, बाहेरून. आत काहीही घालून धुवायचं नाही. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यायचा, एवढं पुरे.

आता तुमच्या रिपोर्टकडे येते. एकतीस वर्षं मी हेच रिपोर्ट लिहीत आले, त्यामुळे तो ‘एक लाखाहून जास्त’ आकडा कुठून येतो ते दाखवते. प्रयोगशाळेत तारेची एक बारीक वळी असते, तिच्यात लघवीचा मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. ती वळी खाद्य घातलेल्या काचेच्या थाळीवर फिरवायची आणि थाळी रात्रभर अंगाच्या तापमानाला ठेवायची. सकाळी जिथे एकेक जंतू पडला होता तिथे एकेक ठिपका उगवलेला असतो. मॅकॉन्की नावाचं खाद्य घातलेल्या थाळीवर ई-कोलायचे ठिपके गुलाबी, कोरडे आणि चपटे दिसतात. दुसऱ्या एका प्रकारच्या थाळीवर ते सोनकिड्याच्या पंखासारखे हिरवे चमकतात. इतक्या वर्षांत ती चमक बघायचा मला कधी कंटाळा आला नाही. शंभर ठिपके मोजले तर हजाराने गुणून मिलिलिटरला एक लाख.

पण ही थाळी मला एवढंच सांगते की बाटलीत जंतू होते. बाई आजारी आहे की नाही, ते थाळीला कळत नाही. ते बाईला विचारावं लागतं.

बाटलीत जंतू वाढूही शकतात. अनुकूल उबेत ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने दोन तासांत एकाचे चौसष्ट होतात. मे महिन्यात सकाळी सातला घरी धरलेली लघवी पर्समध्ये ठेवून एसटीने तालुक्याला आली, लॅब उघडेपर्यंत दहा वाजले, तर माझ्या थाळीवर काय उगवेल? असे नमुने मी कितीतरी पाहिलेत. म्हणून शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. आधी साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार बाटलीत घ्या. घरून न्यायचीच वेळ आली तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या डब्यातून न्या.

तुमच्या पाच रिपोर्टांपैकी पहिले तीन खरे आजाराचे. आग होती, घाई होती, औषध घेतलंत ते बरोबर केलंत. डिसेंबरचा आणि आत्ताचा वेगळे आहेत. काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं हे पाळी गेलेल्या बायकांत, मधुमेहींत, म्हाताऱ्या माणसांत सर्रास आढळतं. त्यावर औषध देऊन फायदा होत नाही, हे आता जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. अपवाद मुख्यतः दोन. एक, बाई गरोदर असेल तर. दुसरा, मूत्रमार्गावरच शस्त्रक्रिया व्हायची असेल तर. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यात बसत नाही. आत्ताच्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘मला आग नाही, ताप नाही, घाई नाही. तरी औषध लागेल का?’ आणि गोळ्या संपल्यावर बरं वाटत असेल तर जंतू गेला का बघायला पुन्हा कल्चर करू नका. सापडेल, आणि पुन्हा गोळ्या मागे लागतील.

यात माझा जीव का अडकतो ते सांगते. तुमचे पाचही रिपोर्ट एकापुढे एक ठेवा. खाली औषधांची यादी असते, प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे त्या औषधाने हा जंतू मरेल, आर म्हणजे दाद देणार नाही. पहिल्या रिपोर्टात किती आर होते आणि पाचव्यात किती आहेत, मोजा. दरवेळी अँटिबायोटिक पोटात गेलं की आतड्यातले साधे, नरम ई-कोलाय मरतात आणि निबर तेवढे उरतात. पुढचा त्रास त्या उरलेल्यांकडून होतो. काही वर्षांपूर्वी गोळीने बरे होणारे लघवीचे जंतू आज शिरेतून इंजेक्शन द्यावं लागेपर्यंत आलेले मी याच थाळ्यांवर पाहिलेत. गरज नसताना घेतलेला एकेक कोर्स म्हणजे खऱ्या गरजेच्या दिवसासाठी ठेवलेलं औषध आधीच खर्च करणं.

मग करायचं काय? सगळ्यात आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाबद्दल विचारा. 1993 साली पाळी गेलेल्या, वारंवार हाच त्रास होणाऱ्या 93 बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मलम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी 0.5 वेळा त्रास झाला, नुसतं बिनऔषधी मलम लावणाऱ्यांना 5.9 वेळा. मलमाने राखणदार लॅक्टोबॅसिलाय परत आले होते. हे तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांसारखं नाही, रक्तात फारच थोडं जातं. मात्र स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा पाळी गेल्यावर कधी अंगावरून रक्त गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आपल्याकडे बायका हे विचारत नाहीत आणि घाईगर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत. तुम्ही विचारा. त्याच फेरीत स्वतःची साखर तपासून घ्या. लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते आणि खडा वगैरे आहे का, हे बघायला एक सोनोग्राफीही करून घ्या.

शाळेत पाणी न पिण्याबद्दल. पिशवीत शिरलेल्या जंतूला बाहेर काढायचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे लघवीची धार. साडेदहा ते पाच तुम्ही ती बंद ठेवता, म्हणजे सहा-सात तास त्याला कोमट, भरलेली पिशवी मोकळी मिळते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, बाकीच्यांना 3.2 वेळा. त्या बायका पाळी सुरू असलेल्या होत्या, त्यामुळे आकडे तुम्हाला तंतोतंत लागू होणार नाहीत. पण सोलापूरच्या उन्हात दिवसभर कोरडं राहणं कुणालाच मानवत नाही. धन्याजिऱ्याचं पाणी, वाळ्याचं पाणी, ताक, जे आवडेल ते प्या. त्याने जंतू मरत नाही, पोटात पाणी जातं, आणि हवं आहे ते तेच. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यावं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि शाळेच्या संडासाला पाणी नाही, ही तुमची खाजगी अडचण नाही. तिथे शिकणाऱ्या मुलीही तहान मारूनच बसत असतील. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा, ग्रामपंचायतीला अर्ज द्या. लाजू नका. माझ्या तीसेक वर्षांच्या नोकरीत अशा बाटल्या आणणाऱ्या शिक्षिका, कंडक्टर, बाजारात दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या बायका इतक्या पाहिल्या की संडासाची सोय ही मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते.

क्रॅनबेरीच्या पुड्यांबद्दल बायका नेहमी विचारतात. पुन्हा पुन्हा होणारा त्रास त्याने काहींचा कमी होतो असं दिसलंय, पण झालेला आजार बरा होत नाही, आणि पुड्या महाग असतात. पैसे मलमावर खर्च करा.

विहिरीचा रिपोर्ट हे वेगळं प्रकरण. पाण्यात ई-कोलाय का शोधतात? तो उबदार रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो, आपल्या आणि गुरांच्याही, आणि उघड्या पाण्यात फार काळ तग धरत नाही. म्हणून तो पाण्यात सापडला, तर त्यात अलीकडेच विष्ठा मिसळली असा अर्थ होतो. मग त्याच वाटेने टायफॉइड, कॉलरा, कावीळही येऊ शकते. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही नसावा, असं आपलं मानक आहे. तिथे त्याचं काम खबर देण्याचं. तुमची उन्हाळी त्या पाण्याने लागलेली नाही, पण घरात तान्हं बाळ आणि बाळंतीण आहे, तेव्हा विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) पडतंय का याची चौकशी ग्रामपंचायतीत कराच आणि तोवर पाणी उकळून प्या.

या कुळातले काही खरोखर धोकादायक असतात, हेही लपवत नाही. 2011 साली जर्मनीत एका जहाल ई-कोलायने जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. माग काढल्यावर तो मोड आणलेल्या मेथीपर्यंत पोचला. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. उसळ शिजवून खाल्ली की प्रश्न मिटतो. तुम्ही आणि बाळंतिणीने कच्चे मोड टाळलेले बरे. लहान मुलाला रक्त पडून जुलाब झाले तर दुकानातून अँटिबायोटिक आणून देऊ नका, लगेच दवाखाना गाठा. अशा वेळी काही अँटिबायोटिकं अपाय करू शकतात.

तुमच्यासाठीही काही खुणा लक्षात ठेवा. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, यातलं काहीही झालं तर संध्याकाळपर्यंत थांबू नका. जंतू पिशवीतून मूत्रपिंडाकडे चढला असू शकतो, आणि तिथे औषध तातडीने लागतं. लघवीतलं रक्त आजार बरा झाल्यावरही दिसत राहिलं तर तेवढ्यावर न सोडता मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. साधी आग सुरू झाली तर आधी नमुना द्या, मग गोळी घ्या, आणि मागच्या वेळची उरलेली पट्टी काढून घेऊ नका.

तुम्ही विचारलंत, कायमचा कसा काढू. आतड्यातून तो काढायचा नाही आणि काढताही येत नाही. तुमच्या आईकडून कदाचित तुम्हाला मिळाला, तुमच्याकडून लेकीला, आता नातीला. जावेला सांगायचं असेल तर हेही सांगा की तो तिच्याही पोटात आहे.

राहिली मालिश. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवायचे, नखं कापलेली ठेवायची, जसं तुम्ही एरवी करता तसंच. मग तेल कोमट करा, पाय पसरून बसा आणि तिला पायांवर घ्या. दीड महिन्याची बाळं टक लावून बघायला लागलेली असतात. लेकीला तेवढा वेळ जरा झोपू द्या.